चारच्या वरचा आकडा

वाळूजच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटी विभागात काढली. हातात मायक्रोमीटर, समोर ड्रॉइंग आणि प्रत्येक मापाला वरची-खालची हद्द. माप हद्दीत बसलं की माल पुढे, बाहेर गेलं की लाल शेरा. निवृत्तीनंतर, २०२१ मध्ये, पुण्याच्या मुलाने माझी सगळी रक्ततपासणी करायचं ठरवलं. तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो. सिडकोतल्या घरी येऊन एक मुलगा रक्त घेऊन गेला आणि संध्याकाळी मोबाईलवर बावीस पानांचा रिपोर्ट आला. त्यात एकच ओळ ठळक अक्षरात होती : पीएसए ५.८. शेजारी मर्यादा छापलेली : ० ते ४.

सवयीने मी स्वतःलाच लाल शेरा मारून टाकला. हिला काही सांगितलं नाही. रात्रभर मोबाईलवर वाचत बसलो आणि पहाटेपर्यंत मनात पुढचं सगळं आजारपण जगून झालं. त्यानंतरच्या चार वर्षांत मी जे शिकलो ते इथे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. मोजमापात आयुष्य घालवलेला माणूस आहे, आणि घरातल्या एका मोठ्या चुकीचा साक्षीदार.

१. पीएसए हा प्रोस्टेटचा आकडा आहे, कर्करोगाचा नाही.

युरॉलॉजिस्टसमोर बसल्या बसल्या मी विचारलं, "डॉक्टर, कॅन्सर आहे का?" त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढलं. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, तिच्या मधून लघवीची नळी जाते. ही ग्रंथी पीएसए नावाचं प्रथिन तयार करते. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. त्यातला अगदी थोडा अंश रक्तात झिरपतो आणि तोच नॅनोग्रॅममध्ये मोजतात. वयाने ग्रंथी वाढली, तिला सूज आली, जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली, नळी घातली, तर झिरपणं वाढतं. कर्करोगातही वाढतं. कारण कोणतं, हे तो आकडा सांगत नाही.

अमेरिकेतल्या अनुभवानुसार, ४ ते १० च्या दरम्यान आकडा असलेल्या चार पुरुषांच्या ग्रंथीचे सुईने काढलेले तुकडे (बायोप्सी) तपासले तर साधारण एकाच्या तुकड्यात कर्करोग सापडतो. म्हणजे तिघांच्या वाट्याला नुसतीच धास्ती येते. आणि उलट बाजूही आहे. ज्यांचा पीएसए ४ किंवा त्याखाली होता अशा पुरुषांचेही तुकडे तिथल्या एका मोठ्या अभ्यासात तपासले होते. २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. शंभरातल्या पंधरा जणांना कर्करोग निघाला. मला या दुसऱ्या आकड्याने जास्त हलवलं. चांगला माल अडवणारं आणि खराब माल सोडणारं गेज मी कारखान्यात एक दिवसही वापरू दिलं नसतं. डॉक्टर म्हणाले, "हे पास-फेलचं गेज समजूच नका. पुढचा प्रश्न विचारायचा की नाही, तेवढंच हे सांगतं."

२. 'नॉर्मल' ही माणसाने आखलेली रेघ आहे, आणि ती वयाप्रमाणे सरकते.

सरसकट चारची रेघ सगळ्या वयांना लावली जाते. माझ्या रिपोर्टवरही तीच होती. पण ग्रंथी वयाबरोबर वाढते, त्यामुळे आकडाही वाढतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, ऑल्मस्टेड काउंटीतल्या ४७१ निरोगी पुरुषांचं रक्त तपासून वयानुसार वरची मर्यादा ठरवली गेली. चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५, सत्तरीत ६.५. जगभर आजही हाच तक्ता फिरतो. दोन वर्षांनी जपानी पुरुषांवर तसाच अभ्यास झाला, तेव्हा रेघा खाली आल्या : २, ३, ४ आणि ५. म्हणजे वयाबरोबर माणसं कुठली, यानेही फरक पडतो.

या रेघा कशा आखल्या हे कळल्यावर माझं अर्धं ओझं उतरलं. शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णव ज्या आकड्याच्या खाली येतात, तिथे रेघ. उरलेले पाच निरोगी असूनही रेघेच्या वरच असणार. आमच्याकडे ड्रॉइंगवरची हद्द भागाच्या कामावरून ठरते. ही हद्द नुसती गर्दीच्या विभागणीवरून ठरलेली आहे. दोन्हींना एकच मान देणं ही माझी पहिली चूक.

याचीच दुसरी बाजू तरुणांनी लक्षात ठेवावी. पन्नाशीतल्या पुरुषांना रांगेत उभं केलं तर मधल्या माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. त्यामुळे अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाचा पीएसए ३.४ आला, चारच्या आत आहे म्हणून रिपोर्टवर ठळक झाला नाही, आणि त्याने कागद कपाटात टाकला, तर ते बरोबर नाही. त्या वयाला तो आकडा रेघेच्या वरच आहे. वय न बघता छापलेली मर्यादा म्हाताऱ्याला उगाच घाबरवते आणि तरुणाला उगाच निर्धास्त करते.

३. रक्त देण्याआधीचे दिवस आठवा.

डॉक्टरांनी विचारलं, "महिनाभरात लघवीला जळजळ? ताप?" होता. दहा दिवस आधी थंडी वाजून ताप आला होता, जळजळ होती, आणि मी मेडिकलमधून गोळ्या आणून भागवलं होतं. "सायकल?" आदल्याच सकाळी दौलताबादपर्यंत जाऊन आलो होतो. रक्त घेणाऱ्या मुलाने मला विचारलं होतं ते एवढंच : उपाशी आहात ना? पीएसएला तर उपाशी राहायची गरजच नसते.

संसर्ग होऊन गेला असेल तर सहा ते आठ आठवडे थांबावं. आधीचे दोन दिवस लांब सायकलिंग नको, वीर्यस्खलन नको. केसांसाठी बायोटिनच्या जादा ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं. काही यंत्रांवर त्याने मापन चुकतं. मला औषधाचा पूर्ण कोर्स दिला आणि दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. आकडा आला ३.९.

ते दोन महिने मी कसे काढले हे मला माहीत आहे. हिला मी सांगितलं तेही पाचव्या आठवड्यात. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं काहीतरी आहे. जेवण जात नव्हतं तुम्हाला." आधी सांगायला हवं होतं.

४. वही ठेवा.

कारखान्यात एका मापावर आम्ही कधी यंत्र थांबवलं नाही. मापं ओळीने मांडायची आणि कल बघायचा. इथेही तसंच आहे. शाळेची असते तशी शंभर पानी वही मी केली : तारीख, आकडा, प्रयोगशाळा, त्या आठवड्यात काही झालं असेल तर ते. २०२१ चे दोन आकडे वर दिलेच आहेत. २०२२ मध्ये ३.८, २०२३ मध्ये ४.१, २०२४ मध्ये ४.०. सोनोग्राफीत ग्रंथी ४८ ग्रॅमची निघाली. आकड्याला ग्रंथीच्या आकाराने भागलं की ०.०८ येतं. हा भागाकार ०.१५ च्या वर गेला तर डॉक्टर सावध होतात. मोठी ग्रंथी थोडा जास्त आकडा दाखवणारच, एवढा साधा तो हिशेब आहे.

प्रयोगशाळा शक्यतो बदलू नका. पीएसए मोजण्याच्या पद्धती दोन मानकांना जुळवलेल्या असतात आणि तेच रक्त दोन पद्धतींनी मोजलं तर वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक पडू शकतो. एका वर्षी इथे, दुसऱ्या वर्षी शिबिरात स्वस्त म्हणून तिथे, असं केलं तर वहीतल्या ओळीला अर्थ राहत नाही.

५. गोळीने आकडा अर्धा होतो.

विद्यापीठाच्या आवारात सकाळी आमचा पाच-सहा जणांचा गट फिरतो. सोनेरी महालापर्यंत जायचं आणि परत. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. त्यांचा रिपोर्ट २.९ आला. अडुसष्टाव्या वर्षी हा आकडा सुरेख, म्हणून आम्ही सगळ्यांनी त्यांचं अभिनंदनही केलं. पण प्रोस्टेट वाढल्याबद्दल सर दोन वर्षांपासून ड्यूटास्टेराइडची कॅप्सूल घेत होते. ड्यूटास्टेराइड आणि फिनास्टेराइड ही औषधं सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळजवळ निम्म्यावर आणतात. म्हणजे सरांचा खरा आकडा ५.८ धरायचा. शिवाय आदल्या वर्षी तो १.७ होता. औषध चालू असताना आकडा खाली राहायला हवा. तो वर चढतोय हीच मुळात चौकशीची गोष्ट. कागदावर मात्र काहीही ठळक नव्हतं.

केस गळू नयेत म्हणून तरुण मुलं फिनास्टेराइड घेतात. त्यांनाही हे लागू आहे, आणि त्यांना हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

६. तुकड्याला भिऊ नका, पण तुकड्याची घाईही करू नका.

सरांचं आधी एमआरआय झालं. पूर्वी आकडा वाढला की थेट सुई लावत. आता आधी चित्र, मग संशयाच्या जागेतून तुकडा. त्यामुळे काहींची सुई टळते आणि ज्यांना लागते त्यांची नेमकी लागते. आमच्या गटातल्या एकाने सरांना बजावलं होतं, "तुकडा काढू देऊ नका, सुई लागली की पसरतो." हे वाक्य मी मराठवाड्याच्या गावागावांत ऐकलं आहे. याला आधार नाही. तुकडा काढताना खरा धोका जंतुसंसर्गाचा आणि थोड्या रक्तस्रावाचा असतो, त्याची काळजी डॉक्टर घेतात.

सरांना कर्करोग निघाला. ग्लीसन तीन अधिक तीन, म्हणजे सहा : सगळ्यात मवाळ जातीचा. मला वाटलं आता ऑपरेशन. डॉक्टरांनी सांगितलं, आता काहीच करायचं नाही, लक्ष ठेवायचं. ठरावीक महिन्यांनी पीएसए, मधून एमआरआय, गरज पडली तर पुन्हा तुकडा. कर्करोग आहे आणि उपचार नाही, हे सरांच्या घरी कुणाला पटेना. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांना तीन गटांत विभागून पंधरा वर्षं पाहिलं गेलं : एका गटावर लक्ष, दुसऱ्याचं ऑपरेशन, तिसऱ्याला किरणोपचार. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. तिन्ही गटांत शंभरातले सुमारे सत्त्याण्णव जण या कर्करोगाने गेले नव्हते. सर आजही रोज आमच्याबरोबर सोनेरी महालापर्यंत येतात.

७. रात्री वाजणारी कडी ऐका.

इथे मला थांबून लिहावं लागेल.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. वैजापूर तालुक्यात आमची शेती तोच बघतो. २०२३ च्या दिवाळीत तो आणि वहिनी चार दिवस आमच्याकडे होते. रात्री बाथरूमच्या दाराची कडी वाजायची. अकराला, एकला, अडीचला, चारला. मी अंथरुणात जागा होतो आणि मोजतही होतो. सकाळी मी एकदा म्हटलं, "दादा, रात्री लई उठतोस रे." तो म्हणाला, "म्हातारपणी व्हतंच हे. तू कामून काळजी करतो?" मी चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि विषय सोडला. माझी वही त्याच खोलीतल्या कपाटात होती. दोन वर्षं मी स्वतःचा आकडा दशांशापर्यंत लिहीत होतो आणि सख्ख्या भावाला दवाखान्यात नेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची कंबर धरली. झोपलं तरी दुखायचं, रात्री जास्त. गावाकडे मणक्याची झीज म्हणून पट्टा दिला, दुखण्याची इंजेक्शनं दिली. तीन महिने गेले. पेरणीच्या दिवसांत पाय लटपटायला लागले तेव्हा पुतण्यांनी गाडीत घालून शहरात आणला. पीएसए २१२. बोन स्कॅनमध्ये मणक्यात आणि ओटीपोटाच्या हाडांत डाग.

आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात त्याचे उपचार सुरू झाले, सरकारी योजनेतून झाले. प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवलं, त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. संप्रेरक थांबवायचं तर दर काही महिन्यांनी इंजेक्शन, किंवा एकदाच छोटं ऑपरेशन करून अंडकोष काढणं. डॉक्टरांनी दोन्ही वाटा नीट सांगितल्या. दादाने वहिनींकडे बघितलं आणि म्हणाला, "एकदाच करा. सुईसाठी सारखं शेत सोडून येणं मला जमायचं नाही." इतक्या मोठ्या गोष्टीचा निर्णय त्याने एका वाक्यात केला. सात महिन्यांनी पीएसए १.१ वर आला. पाय सावरले, कंबरदुखी थांबली. थकवा आहे, अंगातून गरम वाफा येतात, पण बांधावर जातो. हे बरं होणं नाही, आवरून धरणं आहे. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे. अमेरिकेत १९८६ मध्ये पीएसए तपासणीला पहिली मान्यता मिळाली ती अशाच कामासाठी, म्हणजे झालेल्या कर्करोगाच्या उपचारांवर नजर ठेवायला. शोध घ्यायला वापरायची मान्यता त्यानंतर आठ वर्षांनी मिळाली. दादाच्या बाबतीत हा आकडा खरंच चोख काम करतो.

रात्री उठणं बहुतेक वेळा साध्या वाढीमुळेच असतं, हे खरं. दादाला ते उठणं कर्करोगाचंच होतं का, हे आज सांगता येणार नाही. पण त्या निमित्ताने त्याला डॉक्टरकडे नेला असता तर गुदद्वारातून बोटाने तपासणी झाली असती, रक्त घेतलं गेलं असतं. लघवीची धार बारीक झाली असेल, थेंब थेंब येत असेल, रक्त दिसत असेल, उतारवयात नवी कंबरदुखी रात्री जागवत असेल, तर 'वय झालं' हे उत्तर स्वीकारू नका. घरात वडील, काका, मोठा भाऊ असेल तर आजच विचारा : रात्री किती वेळा उठता? आणि उत्तर मिळालं की चहा देऊन विषय सोडू नका.

८. सगळ्यांनी तपासावं का, याचं एका शब्दात उत्तर नाही.

दादाचं कळल्यावर मला वाटलं, गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं रक्त काढावं. डॉक्टरांनी मला शांत केलं. युरोपातल्या आठ देशांत १,६२,००० पुरुषांचा मागोवा तेवीस वर्षं घेतला गेला. २०२५ मध्ये त्याचा हिशेब आला : ४५६ पुरुषांना तपासणीला बोलावलं तर एकाचा मृत्यू टळतो. एक जीव वाचतो हे लहान नाही. पण त्या वाटेवर, सरांसारखे मवाळ कर्करोगाचे अनेक जण सापडतात, आणि त्यांच्यावर विनाकारण शस्त्रक्रिया झाली तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाण्याची भीती असते. म्हणून लक्षणं नसलेल्या ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं आणि सत्तरीनंतर सरसकट तपासू नये, असं अमेरिकेतलं २०१८ चं मार्गदर्शन सांगतं. लक्षणं असतील तर ही चर्चा लागूच होत नाही. तिथे वय न बघता तपासायचं. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग आहेत, प्रोस्टेट नाही. म्हणजे आपल्या दारात याबद्दल कुणी विचारायला येणार नाही.

दिल्ली, कोलकाता, पुणे, तिरुवनंतपुरम या शहरांत पुरुषांच्या कर्करोगांत प्रोस्टेटचा दुसरा क्रमांक नोंदला गेला आहे. हे कळतं कारण नोंदणी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली, ती पुढे पुणे, नागपूर आणि आमच्या शहरापर्यंत आली. बार्शीत १९८७ पासून खेड्यांची नोंदणी आहे. रुग्णालयात कुणी पत्ता, वय, आजार विचारायला आलं तर कंटाळू नका. आपल्या भागाचं माप त्यातूनच निघतं.

९. भावाचा आजार माझ्याही वहीत येतो.

सख्ख्या भावाला किंवा वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. माझा ४.० हा आकडा तोच आहे, पण आता डॉक्टर तो वेगळ्या नजरेने बघतात. मी बोटाने तपासणीही करून घेतली. संकोच वाटला. अर्धं मिनिट लागलं.

दादाच्या दोन मुलांचे तर वडीलच आजारी आहेत. त्यांनी पंचेचाळिशीच्या आसपास सुरुवात करावी, असं डॉक्टरांनी सांगितलं. धाकटा अजून लहान आहे. मोठा चव्वेचाळीसचा, आधी टाळत होता. "काका, मला काहीच त्रास नाही." मी त्याला त्या दिवाळीतल्या कडीबद्दल सांगितलं. तो काही बोलला नाही. मागच्या महिन्यात वैजापूरहून आला, सकाळी माझ्याबरोबर रक्त देऊन गेला. आकडा ०.८ आला. वहीत त्याच्या नावाचं नवं पान केलं आहे, आणि पहिल्या ओळीत तारीख, आकडा आणि प्रयोगशाळेचं नाव लिहिलं आहे.